पाचव्या 'का?' नंतर

एखाद्या कारखान्यात नवे यंत्र किंवा नवी कार्यपद्धती आली आणि ती यशस्वी झाली, की तिथल्या व्यवस्थापकाला व्यासपीठावर बोलावून 'तुम्ही हे कसे साधले?' असे विचारले जाते. परिषदांतून, कंपन्यांच्या गृहपत्रिकांतून आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून अशा अनुभवकथनांचा मोठा साठा जमला आहे. या कथनांचा साचा ठरलेला असतो. आधी सगळा गोंधळ होता. मग आम्ही अमुक तंत्र आणले. सुरुवातीला कामगारांनी विरोध केला. नंतर त्यांना पटले. आणि उत्पादन इतके इतके वाढले. विज्ञानाच्या शिक्षकाला हा साचा ओळखीचा वाटावा. फक्त जमलेले प्रयोग प्रयोगवहीत उतरवणाऱ्या विद्यार्थ्याचीच ही वही आहे.

अशा लेखनात वेगळे उठून दिसणारे एक पुस्तक आहे. टोयोटा मोटर कंपनीचे ताइची ओनो यांचे 'टोयोटा प्रॉडक्शन सिस्टिम'. मूळ जपानी पुस्तक १९७८ मध्ये आले, इंग्रजी भाषांतर १९८८ मध्ये. पुस्तक जुने असले तरी त्यातला विषय जुना झालेला नाही. 'जस्ट इन टाइम', 'कानबान', 'लीन' हे शब्द आज आय.टी.आय. आणि तंत्रनिकेतनांत सर्रास कानावर पडतात, आणि त्यांची मुळे बऱ्याच अंशी या पुस्तकात सापडतात. आपल्या वर्गातली कित्येक मुले-मुली उद्या चाकण, वाळूज, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उभी राहणार आहेत. त्यांना ज्या पद्धतीने काम करावे लागेल ती कशी जन्मली, हे शिक्षकांना ठाऊक असलेले बरे. शिवाय अनुभव हा पुरावा म्हणून कसा वाचायचा, याचा अभ्यास करायलाही हे पुस्तक उत्तम आहे. त्याची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही ठळक आहेत.

गरजेपासून सुरुवात

ओनोंचा जन्म १९१२ चा. नागोया येथील तांत्रिक शिक्षण संपवून १९३२ मध्ये ते तोयोदा घराण्याच्या कापड गिरणीत लागले आणि १९४३ मध्ये मोटार कंपनीत आले. युद्ध हरल्यानंतर १९४५ मध्ये कंपनीचे प्रमुख किइचिरो तोयोदा यांनी ध्येय ठेवले, की तीन वर्षांत अमेरिकेला गाठायचे. ओनोंना १९३७ च्या सुमारास ऐकलेला एक हिशेब आठवत होता. जपानी कामगाराच्या तिप्पट काम जर्मन कामगार करतो आणि जर्मनाच्या तिप्पट अमेरिकन. म्हणजे एकास नऊ. ओनोंनी स्वतःला विचारले, की अमेरिकन माणूस खरोखरच नऊपट शारीरिक श्रम करतो का? ते तर शक्य नाही. तेव्हा आपलेच श्रम कुठेतरी वाया जात असले पाहिजेत.

हा प्रश्न पुस्तकाच्या आरंभी आहे आणि त्यामुळेच ते इतर अनुभवकथनांपेक्षा वेगळे ठरते. 'हे तंत्र मिळाले, आता कुठे वापरू?' असे ओनो विचारत नाहीत. गरज आधी येते, तंत्र नंतर. कंपनी किती लहान होती याची कल्पना एका तुलनेवरून येईल. १९५० पर्यंतच्या तेरा वर्षांत टोयोटाने जेमतेम २,६८५ प्रवासी मोटारी बनवल्या होत्या. फोर्डच्या रूज कारखान्यातून तेव्हा एका दिवसाला सुमारे ७,००० गाड्या बाहेर पडत. अमेरिकेत एकाच नमुन्याच्या लाखो गाड्या खपत, जपानमध्ये अनेक नमुन्यांच्या थोड्या थोड्या. अमेरिकन पद्धतीची नक्कल इथे चालणारच नव्हती.

साचा बदलण्याचे गणित

पुस्तकातला एक तपशील गणिताच्या तासाला थेट नेण्याजोगा आहे. मोटारीचा पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसमध्ये जड साचे असतात. दरवाजाचे काम संपवून बॉनेटचे सुरू करायचे तर साचा बदलावा लागतो. ओनो सांगतात, की १९४० च्या दशकात याला दोन ते तीन तास लागत. १९६० चे दशक संपता संपता तेच काम तीन मिनिटांवर आले.

याचा अर्थ काय, तो आपण मांडून पाहू. साचा बदलायला १५० मिनिटे लागतात असे धरा. बदलल्यावर १०० नग काढले तर प्रत्येक नगावर दीड मिनिटाचा बोजा पडतो. १,००० नग काढले तर तोच बोजा ०.१५ मिनिटावर, म्हणजे ९ सेकंदांवर येतो. साहजिकच व्यवस्थापक म्हणणार, 'एकदा साचा लावलाच आहे तर हजार काढून ठेवा.' मग हजार नगांना गोदाम हवे, हमाल हवेत, अडकलेल्या पैशावर व्याज हवे. साच्यातच खोट निघाली तर हजारही नग भंगारात.

आता साचा बदलायला ३ मिनिटे लागतात असे धरा. २० नग काढले तरी प्रत्येकावर बोजा पडतो तो ९ सेकंदांचाच! म्हणजे हजाराच्या गठ्ठ्याइतकाच वीसचा गठ्ठा परवडतो. मोठ्या गठ्ठ्यात स्वस्ताई असते हा निसर्गनियम नव्हता. तो त्या १५० मिनिटांचा परिणाम होता, आणि ती १५० मिनिटे कमी करता येतील असे कुणाला वाटले नव्हते. ती कमी झाली त्यामागे कोणते महागडे यंत्र नव्हते. प्रेस चालू असतानाच करता येईल असे काम कोणते आणि ती थांबवूनच करावे लागेल असे कोणते, याची शिगेओ शिंगो या अभियंत्याने केलेली फोड हे त्याचे मुख्य सूत्र. पुढचा साचा आधीच आणून ठेवणे, साच्यांची उंची आणि बोल्ट सारखे करणे, अशा साध्या गोष्टींतून तास वाचले. 'प्रगत तंत्रज्ञान' म्हटले की डोळ्यांसमोर यंत्रमानव आणणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

धाग्याचे शहाणपण

दुसरे उदाहरण इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या वाचकांना चटकन समजेल. किइचिरोंचे वडील साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वाला नेलेला स्वयंचलित माग ताण्याचा धागा तुटला की आपोआप थांबत असे. धागा तुटल्यावरही चालत राहणारा माग काम करत नसतो, सदोष कापडाचे तागे वाढवत असतो. माग स्वतः थांबणार असेल तर त्याच्याकडे टक लावून बसायला माणूस लागत नाही. एक माणूस अनेक माग सांभाळू शकतो.

ओनोंनी हीच कल्पना मोटार कारखान्यात आणली. चूक झाली की यंत्राने थांबावे आणि जुळणीच्या पट्ट्यावरील कामगारानेही पट्टा थांबवावा. याला जपानीत 'जिदोका' म्हणतात. स्वयंचलनासाठी जो जपानी शब्द आहे, त्यातल्या 'हालचाल' या अक्षराला टोयोटाने 'माणूस' दर्शवणारी खूण जोडली. उच्चार तोच राहिला, अर्थ झाला 'माणसाची समज असलेले स्वयंचलन'. ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

ओनो श्रेय लपवत नाहीत. कानबानची, म्हणजे 'हवे तेव्हा, हवे तितके मागून घ्या' असे सांगणाऱ्या चिठ्ठ्यांची कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली, हे ते मोकळेपणाने सांगतात. एक संपूर्ण प्रकरण ते हेन्री फोर्डच्या विचारांना देतात. आणि ही पद्धत कंपनीत रुजायला दहा वर्षे लागली हेही ते सांगतात. 'सहा महिन्यांत कायापालट' असे मथळे वाचून कंटाळलेल्या वाचकाला हा प्रामाणिकपणा सुखावतो.

साखळी की झाड?

पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे पाच वेळा 'का?' विचारण्याची रीत. ओनोंचे उदाहरण असे. यंत्र का थांबले? भार जास्त झाला आणि फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरेसे नव्हते. का नव्हते? वंगणाचा पंप नीट खेचत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? पंपाला गाळणी नव्हती, त्यामुळे धातूचा कीस आत गेला. पहिल्याच उत्तराला थांबलो असतो तर फ्यूज बदलून मोकळे झालो असतो, आणि काही दिवसांनी यंत्र पुन्हा बंद पडले असते. पाचव्या उत्तराने गाळणी बसवली जाते.

वर्गात वापरायला इतके चांगले उदाहरण क्वचित मिळते. 'रोग झाला कारण जंतू आले' इतक्यावर थांबणाऱ्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना हे सांगायला नकोच. पण इथेच आमची पहिली हरकत आहे. या मांडणीत प्रत्येक 'का?'ला एकच उत्तर आहे. प्रत्यक्षात शाफ्ट झिजायला किसाबरोबर त्याचा धातू, चालवण्याचे तास, देखभालीची वारंवारता अशी अनेक कारणे असू शकतात. कार्यकारणाचे चित्र साखळीपेक्षा फांद्या फुटलेल्या झाडासारखे असते. एकच साखळी हाती लागली तर ती विचारणाऱ्याने निवडलेली असते, आणि आपण निवड केली हे त्याच्या लक्षातही येत नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. सहावा 'का?' विचारून पाहा. गाळणी का नव्हती? आराखडा करणाऱ्याने विचार केला नव्हता? खरेदी विभागाने पैसे वाचवले? की एखाद्या वंगणवाल्याने तक्रार केली होती आणि ती कुणी ऐकली नाही? पाचव्या उत्तरापर्यंत आपण यंत्रापाशी असतो. सहाव्याला कचेरीत शिरतो. ओनोंची साखळी नेमकी उंबऱ्यावर थांबते.

यावर कुणी म्हणेल, की कुठेतरी थांबावेच लागते आणि जिथे हातात उपाय आहे तिथे थांबणे शहाणपणाचे. हे आम्हाला मान्य आहे. विज्ञानातही प्रश्नांची मालिका कुठेतरी थांबवावी लागते. मात्र विज्ञानात आपण कुठे थांबलो आणि का, हे सांगण्याचा दंडक आहे. तो या पुस्तकात पाळलेला नाही.

विसावा की अपव्यय?

ओनो कामगाराच्या हालचालींची वर्गवारी करतात. खरे काम, खरे नसले तरी सध्या टाळता न येणारे काम आणि निव्वळ अपव्यय. या अपव्ययाला जपानीत 'मुदा' म्हणतात. जरुरीपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, वायफळ हालचाल आणि सदोष माल असे त्याचे सात प्रकार ते सांगतात. वर्गवारी स्वच्छ आणि उपयोगी आहे. यातला 'वाट पाहणे' हा प्रकार मात्र घड्याळाच्या बाजूने मोजलेला आहे. शरीराच्या बाजूने मोजले तर त्याच काही सेकंदांना विसावा म्हणावे लागेल. पाठ सरळ करायला, घाम पुसायला, शेजाऱ्याशी एक शब्द बोलायला माणसाला तेवढीच फट असते. तिला काय म्हणायचे, हे मोजणारा कोण आहे त्यावर ठरते.

ही दुसरी बाजू कल्पनेने रंगवण्याची गरज नाही. ती लिहिलेली आहे. सातोशी कामाता या जपानी पत्रकाराने १९७२-७३ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून सुमारे सहा महिने काम केले आणि गिअरबॉक्स जुळवण्याच्या पट्ट्यावरची आपली दैनंदिनी पुस्तकरूपाने छापली. तिचे इंग्रजी भाषांतर १९८२ मध्ये 'जपान इन द पासिंग लेन' या नावाने आले. ओनोंच्या पुस्तकात जी सुधारणा आहे, ती कामाताच्या दैनंदिनीत पट्ट्याचा वेग काही सेकंदांनी वाढल्याची नोंद म्हणून येते. सोबत दुखणारे हात, जादा वेळ, मध्येच काम सोडून जाणारे सोबती आहेत. हाही एकाच माणसाचा, एकाच विभागातला अनुभव आहे आणि लेखक टीका करण्याच्या तयारीनेच गेलेला आहे. तोही सावधपणे वाचला पाहिजे. परंतु दोन्ही पुस्तके एकाच पट्ट्याच्या दोन टोकांवरून लिहिलेली आहेत. अक्षरात जोडलेला माणूस ओनोंच्या पुस्तकात कुठे बोलतो, असे शोधू गेलो तर तो जवळजवळ सापडत नाही.

विरोध मावळला तो का?

ओनो लिहितात, की १९४७ च्या सुमारास एका कामगाराने अनेक यंत्रे सांभाळावी अशी मांडणी केली तेव्हा कसबी कारागिरांनी जोरदार विरोध केला. पुढे तो ओसरला. का ओसरला, हे त्यांच्या रीतीने पाच वेळा विचारायला हवे होते.

१९४९ मध्ये जपानमध्ये सरकारने चलनवाढ रोखण्यासाठी पैशाची टंचाई केली आणि टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर आली. १९५० मध्ये माणसे कमी करण्यावरून मोठा संप झाला. दोन हजारांच्या आसपास कामगारांना जावे लागले आणि किइचिरो तोयोदांनीही राजीनामा दिला. ओनो या संघर्षाचा ओझरता उल्लेख करून पुढे जातात. जे कामगार राहिले त्यांच्याशी एक अलिखित, पुढे बऱ्याच अंशी लिखित झालेला सौदा झाला. नोकरी टिकेल, बदल्यात यंत्रांची आणि कामांची अदलाबदल मान्य करायची. १९६२ मध्ये कंपनी आणि संघटना यांनी परस्पर विश्वासाची संयुक्त घोषणाही केली. आपण सुचवलेल्या सुधारणेमुळे आपलीच नोकरी जाणार नाही अशी खात्री असेल तरच कामगार सुधारणा सुचवील, हे समजायला व्यवस्थापनशास्त्र लागत नाही. कामातासारखे हंगामी कामगार मात्र या सौद्याच्या बाहेर होते. दोन पुस्तकांतला फरक काही अंशी इथून आला आहे.

या सौद्याचे महत्त्व अमेरिकेत दिसले. जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातला फ्रीमाँट येथील कारखाना १९८२ मध्ये बंद केला होता. तिथल्या गैरहजेरीचे प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात होते. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून 'नुमी' या नावाने तोच कारखाना पुन्हा उघडला. कामगार बहुतांशी जुनेच घेतले, संघटना तीच ठेवली, यंत्रसामग्री फारशी अद्ययावत नव्हती. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली आणि गाड्यांची गुणवत्ता वाखाणली गेली. करारात एक कलम होते: कंपनीचे अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कामगार कपात करायची नाही. १९८८ मध्ये विक्री घटली तेव्हा ते पाळले गेले; रिकाम्या वेळात कामगारांना प्रशिक्षण दिले. त्याच दशकात जनरल मोटर्सने यंत्रमानवांवर अफाट पैसा ओतला, आणि डेट्रॉइट-हॅमट्रॅमक येथे १९८५ मध्ये उघडलेल्या नव्या कारखान्यात सुरुवातीची काही वर्षे ते यंत्रमानवच डोकेदुखी ठरले.

यावरून 'सौदा हेच एकमेव कारण' असा निष्कर्ष मात्र काढू नये. फ्रीमाँटमध्ये व्यवस्थापन, गाडीचा नमुना, प्रशिक्षण सारे एकाच वेळी बदलले होते, आणि दोन वर्षांच्या बेकारीची धास्तीही होतीच. एका वेळी एकच घटक बदलण्याचा प्रयोगशाळेतला नियम कारखान्यात पाळता येत नाही. इतके मात्र म्हणता येईल: ज्यांनी फक्त कानबानच्या चिठ्ठ्या उचलल्या आणि सौदा मागे ठेवला, त्यांनी प्रयोगाची अर्धीच सामग्री नेली.

काळाची परीक्षा

साठा म्हणजे अपव्यय, या सूत्राची परीक्षाही पुढे झाली. १ फेब्रुवारी १९९७ रोजी ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या आइसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. जवळपास सगळे व्हॉल्व्ह तिथूनच येत होते. टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने काही दिवस ठप्प झाले. इतर अनेक पुरवठादारांनी धावपळ करून तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला आणि काम लवकर सुरू झाले. म्हणजे एकाच घटनेत पद्धतीचा कच्चा दुवाही दिसला आणि तिने जोडलेली माणसेही दिसली. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने काही निवडक सुट्या भागांचा, विशेषतः इलेक्ट्रॉनिक चिपांचा, काही महिन्यांचा साठा ठेवायला लावले. त्यामुळे २०२१ च्या आरंभीच्या चिपटंचाईत तिला इतरांपेक्षा कमी झळ लागली. पुढे त्याच वर्षी मात्र तिलाही उत्पादनात मोठी कपात करावी लागली. कोणतेही सूत्र ज्या परिस्थितीत सिद्ध झाले तिच्यासकट लक्षात ठेवावे, हा धडा यातून मिळतो. ओनोंचे पुस्तक दुर्मीळ प्रामाणिकपणाने ती परिस्थिती सांगते. त्याची सूत्रे तेवढी पाठ करणारे ती विसरतात.

शिक्षकांसाठी आमची सूचना अशी. शाळेत रोज घडणारी एखादी छोटी अडचण घ्यावी. टाकीतले पाणी दुपारीच संपणे, प्रयोगशाळेतले बीकर वारंवार फुटणे, असे काहीही. विद्यार्थ्यांच्या एका गटाने पाच 'का?' विचारून साखळी लिहावी. दुसऱ्या गटाने प्रत्येक 'का?'ला निदान दोन उत्तरे शोधून झाड काढावे. तिसऱ्या गटाने त्याच गोष्टीबद्दल शिपाईकाका किंवा सफाई करणाऱ्या मावशी काय सांगतात ते लिहून आणावे. मग तिन्ही कागद शेजारी शेजारी लावावेत. कोणत्या कागदावर कोणते कारण आले नाही, याची चर्चा पाऊण तास सहज पुरेल.

ओनोंचे पुस्तक वाचावे, अशीच आमची शिफारस आहे. छोटेखानी आहे, आकडे थोडे आणि नेमके आहेत, आणि एका हट्टी, तल्लख माणसाने तीस वर्षे कारखान्याच्या फरशीवर उभे राहून केलेला विचार त्यात आहे. फक्त त्याच्या शेजारी कामाताचे पुस्तक ठेवावे, आणि 'सुरुवातीला विरोध झाला, नंतर पटले' असे वाक्य जिथे जिथे भेटेल तिथे थांबून सहावा 'का?' आपणच विचारावा.